ढावल्याचा अर्थ

१२ मार्च १९६१, बोरी अरब

आज खालच्या तांड्यावर लालीचं लग्न झालं. पायांचे तुकडे पडलेत, पण चहा नंतर, आधी हे लिहून काढते.

ग्रामसेविका म्हणून तीन वर्षं मी या तांड्यावर येतेय. शिवण शिकवा, बिनधुराच्या चुली बांधा, पोरांना पावडरचं दूध पाजा. या सगळ्यात मला माझं म्हणावं असं सापडलं ते यांचं गाणं. मुलगी सासरी निघाली की माहेरच्या एकेकीच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. मानीबाई म्हातारी लग्नाआधी महिनाभर नवरीला समोर बसवून तो शिकवते. हुंदका कुठे द्यायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. रडण्याचीसुद्धा शिकवणी! आमच्याकडे ते आपोआप येतं.

लाली मानीबाईची नात. आईबाप कधीच गेले, आजी आणि भाऊ भीमसिंग एवढंच माहेर. माझ्या शिवणवर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तोंडाळ पोर. आज मात्र यांच्या रीतीप्रमाणे बैलाच्या पाठीवर उभी राहिली आणि असा आवाज लावला की माझ्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांची बोली मला आता बऱ्यापैकी येते. मराठीत असं काहीसं होईल:

याडी, तुझ्या विहिरीत मी निजले,
वरून आभाळाचं झाकण लाव.
वीरा, विहीर बैलावर चढली,
तिचे पाय ओले, माझे कोरडे.
पाण्याने मला नाव विचारलं,
मी म्हटलं, नाव इथेच राहू दे.

याडी म्हणजे आई, वीरा म्हणजे भाऊ. बाकी काय हे! विहीर बैलावर कशी चढते? विहिरीला पाय कुठले? अंगावर काटा आला. मानीबाईला विचारलं, याचा अर्थ काय हो? ती तंबाखू मळत म्हणाली, "अर्थ कायले पायजे तुले? रडणं हाये थे. पोरगी रडली, झालं." म्हातारीला अर्थ ठाऊकच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पिढ्यान्‌पिढ्या नुसती घोकंपट्टी.

एक गंमत लिहायची राहिली. लालीचा सासरा डोंगरसिंग बडा शेतकरी, डोक्यावर हे एवढं लाल पागोटं. सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तिनेही त्याच्यासमोर घुंगट वर करायचा नाही की तोंड उघडायचं नाही, असा यांच्यात कायदा. घरात काही सांगायचं झालं तर सासरा भिंतीकडे तोंड करून सांगतो, "पाणी आन म्हनाव." आज निघायला उशीर झाला तर हा गृहस्थ बैलाला म्हणाला, "चाल म्हनाव आता." मला हसू आवरेना. भीमसिंग शेजारी उभा होता, तो हसला नाही. त्याला हसायला कमीच येतं. दोन वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्याच्या भांडणात कुऱ्हाड घेऊन धावला आणि सहा महिने तुरुंगात जाऊन आला. पण लग्नात बहिणीसाठी ढसाढसा रडला.


२४ सप्टेंबर

लाली पोळ्याला माहेरी आली होती, आज परत गेली.

वाळलीय बरीच. तब्येत बरी आहे ना, विचारलं, तर म्हणाली, "बरी हाये." नवरा? "तो बरा हाये. लहान हाये." एवढंच. चुरूचुरू बोलणारी पोर, पण सासरी गेल्यावर चांगलं वळण लागलेलं दिसतं.

निघताना पुन्हा ढावलो होणार म्हणून मी गाण्यांची वही घेऊन गेले. पाठभेद मिळाला तर हवाच होता. मानीबाई नव्हती, ती मारेगावकडे धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. आणि शिकवणारी नसली की काय होतं ते बघा. पोरीने सगळं उलटंपालटं करून ठेवलं:

याडी, तुझ्या विहिरीतून मला काढ,
तिकडे दुसरी विहीर आहे.
वीरा, तिच्या डोक्यावर पागोटं,
तिचे पाय कोरडे, माझे ओले.
ती मला नावाने हाक मारते,
भिंतीला नाही सांगत, मलाच सांगते.

कुठे ते आभाळाचं झाकण आणि कुठे हे पागोटं! वाटोळं केलं गाण्याचं. बायकांनाही चूक कळली असणार. कडवं संपलं की सगळ्या मिळून हुंदका देतात, तो आज कोणी दिलाच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न बघता. पुरुष लांब गाडीपाशी होते. बायकांचं रडणं ते ऐकत नाहीत.

गाडीत चढताना लालीने माझा हात धरला. "बाई, लिवलं?" म्हटलं, लिहिलं गं. "आताचं लिवलं? पयलेचं नाही, आताचं?" म्हटलं, सगळं लिहिलंय, काळजी करू नकोस. हात सोडेचना. आपलं गाणं वहीत यावं याची केवढी हौस पोरीला! मला फार बरं वाटलं.


२९ ऑक्टोबर

लेख छापून आला! जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक आज हातात पडला. 'विहिरीत निजलेली नवरी', लेखिका कुमारी सुहासिनी, पूर्ण दोन पानं. मार्चचाच पाठ घेतला. सप्टेंबरचा बिघडलेला, तो सोडून दिला.

हे वाक्य मला स्वतःला फार आवडतं, म्हणून इथेही उतरवते: 'तांड्यातली ही वधू उघड उघड सांगते की परक्या घरच्या संसारापेक्षा विहिरीचा तळ बरा. तिला मरणाची ओढ लागली आहे, आणि आपलं नाव ती पाण्याच्या स्वाधीन करते.' यवतमाळहून कमलाकरदादाचं कार्ड आलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवला म्हणे. दादाने माझ्या कुठल्या गोष्टीचं कौतुक करावं ही एकोणतीस वर्षांतली पहिलीच वेळ.


१७ नोव्हेंबर

लाली काल सासरच्या विहिरीत पडली. वाचली. दोर टाकून वर काढली. दारव्ह्याच्या दवाखान्यात आहे.

मी लिहिलं होतं ते खरं झालं की काय?


२० नोव्हेंबर

दवाखान्यात जाऊन आले. लाली खाटेवर, डोक्याला पट्टी, ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. कोणाशी अक्षर बोलत नाही. नवऱ्याशी नाही, भावाशी नाही, आजीशीही नाही. मानीबाई उशाशी बसून असते. समोरच्या बाकावर डोंगरसिंग. सकाळी येतो तो संध्याकाळी उठतो. सुनेची एवढी काळजी करणारा सासरा मी पाहिला नाही.

आणि वर हे संकट की पोलिसांनी तिच्यावरच खटला भरलाय. जीव द्यायचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, मला माहीतच नव्हतं. जी मरता मरता वाचली तिलाच कोर्टात उभी करणार. धन्य आहे!


२३ नोव्हेंबर

आज पुंडलिकराव वकील स्वतः माझ्या खोलीवर आले होते. दारव्ह्याचा एवढा मोठा माणूस, आणि किती साधा! माझ्या हातचा चहा घेतला, लेख तीनदा वाचल्याचं सांगितलं. म्हणाले, "असं मर्म काढणं आमच्या प्रोफेसरांनाही जमायचं नाही, बाई."

लालीचं वकीलपत्र त्यांच्याकडेच आहे, डोंगरसिंगांनी दिलंय. त्यांचं म्हणणं असं: पोरीच्या मनात मरण लग्नाच्या दिवसापासूनच होतं, सासरचा काही दोष नाही, हे माझ्या लेखावरून सिद्ध होतं. ते कोर्टाला पटलं की कोर्ट दया करेल, तुरुंगात घालणार नाही. सासरा जामीन राहील, सुनेला आपल्या ताब्यात घेईल, तिच्यावर लक्ष ठेवेल. मला फक्त गाण्याचा अर्थ लिहून सही द्यायची होती.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यांनी आणलाच होता. दिली सही. गाण्यांची वहीही मागितली, अस्सल पुरावा म्हणून, तीही दिली. पोर तुरुंगातून वाचेल आणि घरी जाईल. माझ्या लिहिण्याचा कोणाला एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.


२६ नोव्हेंबर

भीमसिंग आला. बोलावलं नव्हतं. अंक हातात चुरगळलेला, कोणाकडून तरी वाचून घेतला असणार.

"बाई, हे तुमी लिवलं? माह्या बहिनीले मराचं होतं म्हून?"

म्हटलं, गाण्यात आहे ते लिहिलं.

"गान्यात? अवो, तांड्यातली कोनती पोरगी थे गानं नाही म्हनत? माह्या मायनं म्हनलं, आजीनं म्हनलं. थे काय विहिरीत गेलत्या? आन तो डोंगरसिंग आता सांगून राह्यला का पोरगी आधीपासूनच मराले टेकली होती, हे पाहा पेपरात लिवलं हाये. तुमी काहून असं केलं?"

मी म्हटलं, अरे, त्यानेच ती सुटणार आहे, सासरा जामीन राहणार. तो हळू म्हणाला, "तिले तिकडे जाचं नाही, बाई. काहून ते सांगत नाही, पन जाचं नाही. मी तिच्यासमोर सासरचं नाव काढलं का ती थरथर कापते. मले कोनी सांगत नाही काय झालं. मले समजू तं द्या, मंग पाहतो मी."

ते 'पाहतो मी' ऐकून मला त्याची कुऱ्हाड आठवली. तो गेल्यावरही अंक खाटेवर पडून होता. मी तो उलटा करून ठेवला.


२८ नोव्हेंबर

आता सगळं लिहिते, कारण हे दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

दवाखान्यात गेले. मानीबाईला बाहेर लिंबाखाली आणलं आणि हात जोडले. म्हटलं, आता तरी त्या गाण्याचा अर्थ सांगा, माझ्या हातून काहीतरी भलतंच झालंय.

ती चिडली. "तू कायची शिकेल? पोरगी निंगते त्या दिवशी माहेरच्या विहिरीत वाकून पाहते. पान्यात तोंड दिसते का नाही? ते तोंड तिथंच ठेवून जाते. भावानं पानी काढलं का बहीन आठवली पायजे. म्हून म्हनते, मी तुह्या विहिरीत निजली. आन सासरी तिले नावानं कोन बोलावन? नाव कोनी घेत नाही. म्हून नाव माहेरच्या पान्यात ठेवते. मराचं कोठून आनलं तू त्यात?"

"आणि विहीर बैलावर चढते ती?"

"डोयातलं पानी संगं जाते ना बये! बैलावर कोन उभं राहून रडते?"

एवढं सोपं. तीन वर्षं मी या बायकांच्यात बसते आणि त्यांच्या विहिरीला मी थडगं करून टाकलं, तेही छापून. शरमेने मला वर बघवेना.

मग म्हटलं, सप्टेंबरमध्ये लालीने ते चुकीचं म्हटलं होतं, तुम्ही नव्हता. मानीबाई म्हणाली, "माह्या हाताखालची पोरगी चुकत नाही. काय म्हनलं तिनं?"

वही वकिलाकडे, पण कडवं मला पाठ होतं, चुकलेलं म्हणून डोक्यात बसलं होतं. मी सांगत गेले. पागोटं आलं तेव्हा तिने तंबाखू मळायची थांबवली. 'ती मला नावाने हाक मारते' म्हटलं तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. आत बाकावर डोंगरसिंग बसलेला आम्हाला खिडकीतून दिसत होता.

मला तेव्हा कळलं. जो सासरा सुनेशी बोलायचं तर भिंतीला सांगतो, त्याने तिला एकटीला गाठून नावाने हाक मारली. त्याच्यापुढे काय, ते विचारायची गरज नव्हती. लालीने ते सगळ्या बायकांसमोर सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं आणि जसं सांगता येतं तसं. बायकांना कळलं होतं. म्हणून हुंदका आला नाही. आणि माझा हात धरून तिने दोनदा विचारलं होतं, आताचं लिवलं? मी त्याला चूक म्हणून बाजूला टाकलं आणि तिला परत त्याच घरी पाठवायच्या कागदावर सही केली. देवा रे देवा.

विहिरीत तिने उडी मारली, पाय घसरला की काय झालं, मानीबाईलाही माहीत नाही. म्हणाली, "मले बोलली नाही. तो समोर बसून राह्यते, कशी बोलन?"

मी उठले. म्हटलं, मी आत्ता जाऊन मॅजिस्ट्रेटना सांगते. मानीबाईने माझा पदर धरला. "बस खाली. भीमसिंगले मालूम झालं तं डोंगरसिंग जित्ता राहत नाही. मंग माह्या नातवाले फाशी. एक पोरगी वाचवाले जाशीन, अन दोघं खाशीन माह्या घरची. त्याच्या कानावर हे गेलं नाही पायजे, शपथ घे."

घेतली शपथ. पण लालीला मग कशी सोडवायची, हे तिने सांगितलं नाही आणि मलाही सुचत नाही.


३ डिसेंबर

दादा यवतमाळहून मुद्दाम आला. पुंडलिकरावांकडे मी काल वही आणि कागद परत मागायला गेले होते, ते त्याच्या कानावर गेलंय. वही मिळाली नाहीच. वकीलसाहेब हसून म्हणाले, "आता ती कोर्टाची, बाई."

दादा म्हणाला, "सही करताना अक्कल गहाण टाकली होतीस का? आणि केलीस तर केलीस, आता फिरवू नकोस. शपथेवर आधी एक आणि मग दुसरं बोललीस तर खटला तुझ्यावर होईल. तुझी नोकरी कच्ची आहे. डोंगरसिंगचं पंचायतीत, ब्लॉक ऑफिसात सगळीकडे चालतं. एका तांड्यातल्या पोरीपायी आपल्या घराचं नाव कोर्टात नेतेस?"

म्हटलं, दादा, ती पोरगी माझ्या वर्गात होती.

"मग शिवण शिकवायचं होतंस. गाणी कोणी सांगितली होती?"

खरं कारण सांगता येत नाही आणि खोटं सुचत नाही. तो जेवला नाही, तसाच एस.टी. ने परत गेला. मी खूप घाबरलेय. नोकरी गेली तर मला त्याच्याच घरी जावं लागेल आणि त्याच घरात आयुष्यभर ही गोष्ट ऐकावी लागेल.


८ डिसेंबर

सोमवारी तारीख. पुंडलिकरावांचा साक्षीदार म्हणून मला समन्स आलंय.

कडव्याचा अर्थ सांगितला तर लाली सुटते आणि भीमसिंग जातो. नाही सांगितला तर लाली त्या घरात परत जाते, आणि दुसऱ्या वेळी दोर वेळेवर पोचेलच असं नाही. मी हजार वेळा उलटसुलट करून पाहिलं. अर्थ लावायची मोठी हौस होती ना मला?


११ डिसेंबर, संध्याकाळ

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कोर्टाची खोली छोटी, माणसं खच्चून. लाली आरोपीच्या जागी खाली मान घालून, तोंडभर घुंगट, शेजारी मानीबाई. पहिल्या बाकावर डोंगरसिंग पागोटं बांधून. भीमसिंग मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. आज त्याच्याजवळ काही नाही ना, हे मी आत शिरताना पाहून घेतलं.

पुंडलिकरावांनी मला कागद दाखवला. "ही सही आपलीच?"

"माझीच."

"मजकूर वाचून केलीत?"

"वाचून केली. पण त्यातला अर्थ चुकीचा आहे."

खोलीत कुजबूज झाली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वर पाहिलं. "कोणी लावलेला अर्थ?"

"मी लावलेला, साहेब. मला कळलं नव्हतं." मग मी माहेरच्या विहिरीचं सगळं सांगितलं. तोंड तिथे ठेवणं, नाव तिथे ठेवणं. म्हटलं, "हा ढावलो तांड्यातली प्रत्येक मुलगी म्हणते. या आजीबाईंनीही म्हटला होता. विहिरीत निजून त्या पन्नास वर्षं संसार करतायत." मागे कोणीतरी हसलं. मी कठडा धरला होता.

पुंडलिकराव मुळीच चिडले नाहीत. त्यांनी माझी वही उघडली. "ठीक. हे सप्टेंबरमधलं, आपल्याच अक्षरातलं. हेही प्रत्येक मुलगी म्हणते?" आणि त्यांनी ते कडवं खणखणीत आवाजात वाचलं. पागोट्यासकट, हाकेसकट, भिंतीसकट. वाचून म्हणाले, "पागोटं बांधलेली विहीर हिला हाक मारते, साहेब! पोर भ्रमिष्ट आहे, दुसरं काय? सासऱ्यांच्या देखरेखीची तिला गरज आहे. की बाईसाहेबांकडे याचाही काही नवा अर्थ आहे?"

त्या माणसाला खरंच काही कळलेलं नव्हतं. पण डोंगरसिंगला कळलं. त्याचा हात पागोट्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून खाली आला. घुंगटाखालून लालीचे खांदे हलायला लागले. आणि भीमसिंगने घडी सोडली. बायकांचं रडणं कधी न ऐकणारा तो, आज प्रत्येक शब्द ऐकत होता आणि कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.

"सांगा बाई," वकील म्हणाले, "पागोट्याची विहीर म्हणजे काय?"

मानीबाई माझ्याकडे डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"लेख लिहिता आणि माहीत नाही?"

"नाही माहीत. हे कडवं तिचं स्वतःचं आहे, साहेब. तिलाच विचारा."

"ती महिनाभर बोललेली नाही," पुंडलिकराव म्हणाले.

"कारण तिचे सासरे समोर आहेत. त्यांच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. दवाखान्यात ते रोज समोर होते, इथेही आहेत. त्यांना बाहेर पाठवा. सगळ्यांनाच पाठवा, भावालाही, मलाही. फक्त आजीला राहू द्या आणि मग तिला विचारा, तिला कुठे जायचंय."

वकील उसळले, मी तिचा वकील आहे वगैरे. साहेबांनी चष्मा काढला. "वकीलपत्र कोणी दिलं आपल्याला?" ते म्हणाले, सासऱ्यांनी. "मग आपणही जरा बाहेर थांबा." असं म्हणाले! शिपायाने मला हाताला धरून बाहेर आणलं.

दार लागलं. डोंगरसिंग समोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, वीस पावलांवर. मी ओट्याच्या पायरीवर बसले. भीमसिंग येऊन शेजारी बसला. त्याची नजर त्या झाडाकडेच होती.

"बाई, एक विचारू? थे पागोट्यावाली विहीर कोन?"

काय, नाही. कोण, असं विचारलं त्याने.

"कोणी नाही रे."

"खरं सांगा मले. तुमाले माह्या बहिनीची शपथ."

मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "खरंच सांगते, भीमसिंग. मला तुमची बोली धड येत नाही. त्या दिवशी गाडी निघायची घाई, मी दोन-चार शब्द ऐकले आणि बाकीचे पदरचे घातले. लालीने तसं काही म्हटलंच नव्हतं. त्याला काहीसुद्धा अर्थ नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यातला ताण गेला, मला दिसला जाताना. आणि मग तो असा संतापला!

"मंग लिवता कायले हो? समजत नाही तं लिवता कायले? तुमच्या ह्या लिवन्यापायी पोरगी कोर्टात उभी राह्यली. बाया आमच्या रडतात, अन तुमी पेपरात नाव मिरवता!"

"चुकलं माझं," मी म्हटलं. ओट्यावरची सगळी माणसं ऐकत होती. पुंडलिकरावही ऐकत होते, आणि डोकं हलवत होते.

पाऊण तासाने शिपायाने पुकारा केला. आरोपीस ताकीद देऊन सोडलं, जामीन भावाचा, राहणार भावाकडे. डोंगरसिंग झाडाखालून निघून गेला, कोणाकडेही न बघता. आत लाली काय बोलली ते मला माहीत नाही. मानीबाई सांगणार नाही आणि मी विचारणार नाही.

लाली बाहेर आली ती घुंगट मागे टाकून. भीमसिंगने तिला गाडीत बसवलं आणि माझ्याकडे बोट करून मोठ्यांदा म्हणाला, "या बाईच्या वर्गात आता जाचं नाही. हिले आपलं गानं काही समजत नाही."

लालीने माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, पण नजर सरळ.

"हाव, भिया," ती म्हणाली. "तिले काही समजत नाही."

सप्टेंबरनंतर आज मी तिचा आवाज ऐकला.